आजोबांची जावा : आधी चालती करा, मग देखणी

प्रश्न असा आहे. गिरगावातल्या चाळीच्या जिन्याखाली आजोबांची १९६९ सालची जावा २५० पंधरा वर्षं उभी आहे. किक जाम आहे. एका गॅरेजवाल्याने सगळी खोलून, नवा रंग आणि नवं क्रोम करून ‘शोरूमसारखी’ देतो म्हणून सव्वा लाख सांगितले आहेत. त्याला द्यावी का? आणि तयार झाल्यावर रोज लोअर परळला ऑफिसला नेता येईल का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. गाडी इतक्यात कुणाच्याही हवाली करू नका. रोज ऑफिसला नेऊ नका. रविवारी पहाटे आणि वर्षातून दोन-चार वेळा लांब मात्र ती तुम्हाला मजेत नेईल, आणि त्यासाठी सव्वा लाख लागायचे नाहीत.

मी परळला तीसेक वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतोय. जावा, येझदी, बुलेट, राजदूत, मधूनच एखादी युद्धकाळातली बीएसए. या काळात कितीतरी गाड्या मी पोत्यांत भरलेल्या पाहिल्या. मालकाने हौसेने एका दिवाळीच्या सुट्टीत सगळी खोलली, सांगाडा रंगाला दिला, इंजिन तिसऱ्याच माणसाकडे गेलं, मध्ये घरात लग्न निघालं, पैसे संपले. पाच वर्षांनी पोती माझ्याकडे येतात तेव्हा निम्मे नट-बोल्ट गायब असतात आणि कुठला वायसर कुठे होता हे देवालाही सांगता येत नाही. उभी असलेली गंजकी गाडी ही पूर्ण गाडी असते. तिच्यातला प्रत्येक भाग आपल्या जागी असतो, आणि तो कसा बसवायचा हे ती स्वतःच दाखवत असते. हे तुमचं सगळ्यांत मोठं भांडवल आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे ती किक. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात हे तुम्हाला माहीत आहे ना? दांडी आधी आत, इंजिनाकडे दाबायची, मग वर फिरवायची, तेव्हा ती किक होते. न दाबता पाय मारलात तर तुम्ही गिअरवर पाय मारताय. नातवंडांच्या पिढीतले दोघे-तिघे ‘जाम’ म्हणून गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आले आणि पाच मिनिटांत परत गेले. तुमचंही तसंच असेल असं नाही, पण आधी हे बघा.

खरोखर जाम असेल तर किकवर उभं राहू नका. किकच्या आतले दाते मोडतात आणि मग दुप्पट काम. प्लग काढा. निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण प्लगच्या भोकातून अर्धी वाटी सोडा आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक दोन्ही हातांनी हळूच पुढे-मागे झुलवा. केसभर हललं की झालं. पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. पंधरा वर्षं सुकलेलं पिस्टन आठवड्याभरात सुटलेलं मी अनेकदा पाहिलंय. नाहीच सुटलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून, लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके. लोखंड पिस्टनला लावायचं नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचं आहे, सिलिंडर बिडाचा. मार सगळा पिस्टनच खातं.

पाण्याने इंजिन किती लवकर मरतं ते २६ जुलै २००५ ला कळलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस पडला आणि नंतरच्या आठवड्यात माझ्या दारात गाड्यांची रांग होती. कलिन्याच्या एकाच गल्लीतल्या दोन येझदी आल्या, दोन्ही टाकीपर्यंत बुडलेल्या. एका मालकाने पाणी ओसरल्याबरोबर प्लग काढला, गाडी आडवी करून पाणी सांडलं आणि इंजिनात डिझेल भरून ठेवलं. त्याची गाडी सील, पॉइंट आणि वायरिंग बदलून चालू झाली. दुसरा नुकसानभरपाईच्या पाहणीची वाट बघत चार आठवडे थांबला. त्याच्या क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गंजून एकजीव झालं होतं. क्रँक दाबून उघडावा लागला, नवी कनेक्टिंग रॉड घालावी लागली. तुमच्या जिन्याखाली पाणी शिरतं का हे शेजारच्या जुन्या बिऱ्हाडांना विचारा. ते उत्तर मला तुमच्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी आहे.

इंजिन फिरायला लागलं की प्लग जोडून, इंजिनाच्या हेडवर टेकवून ठिणगी बघा. पॉइंट, म्हणजे उघडमीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क, पंधरा वर्षांत काळे पडलेले असणार. बारीक कानस किंवा शून्य नंबरचा पॉलिश पेपर, मग ०.३ ते ०.४ मि.मी. फट, आणि कंडेन्सर नवा. ठिणगी आली, पेट्रोल बाटलीतून लावलं, आणि धूर ओकत गाडी दोन मिनिटं बोलली, की तुम्हाला काय दुरुस्त करायचंय हे पहिल्यांदा कळेल. तोवर गॅरेजवाल्याचा सव्वा लाखाचा आकडा हा अंदाजही नाही.

आता खरा मुद्दा, ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची खोली हीच पंपाचं काम करते. वर जाताना पेट्रोल-हवा आत ओढायची, खाली येताना ती वर ढकलायची. ती खोली हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन बाजूंची दोन सील. रबर बसून बसून दगड होतं. डाव्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं. पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी कुठेही न गळता उतरते. उजव्या बाजूचं, डायनामोकडचं गेलं की बाहेरची हवा आत शिरते. मग गाडी ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी रेस उतरवत नाही, तापते, आणि एखाद्या उड्डाणपुलावर पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतं. लोक कार्बोरेटरला दोष देत महिनोन्महिने त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, बदलत बसतात. तुमच्या गाडीची दोन्ही सील न बघता बदला. इंजिनाच्या आतला हा एकच भाग मी डोळे मिटून बदलायला सांगतो.

सिलिंडर घासला असेल तर बोअर करावा लागेल. ६५ मि.मी. हे कारखान्याचं माप, पुढची मापं पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. आधी पिस्टन विकत घ्या, ते लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच पिस्टनला जुळवून बोअर करा म्हणा. उलट केलंत तर फसाल, कारण बाजारातली नवी पिस्टनं डबीवर लिहिलेल्या मापाची असतातच असं नाही. रिंगा बसवताना खाचेतली बारीक खिट्टी बघा. रिंगेची टोकं तिथेच यायला हवीत, नाहीतर ती पोर्टात अडकून तुटतात.

सुट्या भागांसाठी फिरावं लागेल, आणि ते फिरणं मला अजूनही आवडतं. ऑपेरा हाउसची स्पेअर पार्टची दुकानं तुमच्या घरापासून चालत आहेत. बेअरिंग, सील, बोल्ट, हत्यारं यांसाठी नागदेवी स्ट्रीट. जुना भाग हातात घेऊन जा. नुसतं ‘जावाचं सील द्या’ म्हणालात तर जवळपासचं काहीतरी मिळेल. जुने मूळ भाग, म्हणजे दिव्याची रिंग, टाकीचा बॅज, टूलबॉक्सचं झाकण, हे चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात. २०१८ पासून नव्या जावा आल्या आहेत, त्यांचे भाग तुमच्या गाडीला लागत नाहीत. ती इंजिनं फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी आहेत. आणि पैसे वाचवायला म्हणून चांगला जुना मूळ भाग फेकून त्या जागी नवी नक्कल बसवू नका. आयडियल जावाच्या म्हैसूरच्या कारखान्यात जे पोलाद वापरलं गेलं ते आजच्या बऱ्याच नकलांत नाही. कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हा मूळ भाग आता फक्त कमीच होत जाणार.

इंजिनाची झाकणं उघडताना साधा पेचकस वापरू नका. स्क्रूची खाच जाते. मागून हातोडी मारली की फिरणारा इम्पॅक्ट पेचकस नागदेवीला मिळतो, तो घ्या. तुमची गाडी मेट्रिक आटे-बोल्टांची आहे, हे भाग्य समजा. बीएसए किंवा नॉर्टनवाल्याला व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड या जुन्या ब्रिटिश मापांचे वेगळे पाने आणि आटे पाडायचे वेगळे टॅप ठेवावे लागतात. तिथे मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घुसवला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. चाळीत जागा नाही म्हणून एका वेळी एकच विभाग उघडा. श्रीखंडाचे रिकामे डबे घ्या, एका डब्यात एका झाकणाचे स्क्रू, वर कागदाची चिठ्ठी. उघडण्याआधी मोबाइलवर तीन बाजूंनी फोटो. एक विभाग परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

टाकीत वार्निशसारखा वास येत असेल. नळाची चाळणी काढा, सगळं ओता, आणि किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर गरम पाण्याला शंभर ग्रॅम या हिशोबाने टाकी भरून एक रात्र ठेवा. गंज काळपट पाण्यासारखा निघतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच सुकवा आणि लगेच ऑइल फिरवा. या शहराच्या हवेत उघडं लोखंड दोन तासांत तांबूस होतं. आतून कोटिंग करून देणारे भेटतील. मी करत नाही, कारण आत्ताच्या पेट्रोलमध्ये ते काही वर्षांत सालपटं सोडतं आणि ती सालपटं जेटमध्ये बसतात.

पेट्रोलचंच सांगतो. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत दुसरं असतं काय? पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलसकट खाली तळाशी वेगळं बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळ टाकीच्या तळाशी असतो, म्हणजे महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना इंजिनाला पहिला घोट बिनऑइलचा जातो. टू-स्ट्रोकला एवढं पुरतं. म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवा. एरवी घर अर्धा किलोमीटर राहिलं की नळ बंद करून कार्बोरेटर सुकवत या. पेट्रोलच्या नळ्या आणि नळाचं पॅकिंग इथेनॉल सोसणारं घाला. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं म्हणून मेन जेट एखाद-दोन नंबर मोठा लागेल. प्लगचा रंग चहासारखा तपकिरी आला की बरोबर, पांढरा असेल तर गाडी पुढे नेऊ नका. ऑइल लिटरला ३० ते ४० मि.लि., नवं पिस्टन असताना ४०, आणि ते आधी डब्यात मिसळून मग टाकीत.

वायरिंग सहा व्होल्टचं आहे. मूठभर वीज, त्यामुळे प्रत्येक सांधा स्वच्छ हवा. जुनी वायर सोलून बघा, तांबं काळं असेल तर पूर्ण हार्नेस नवा करा. इथे रंगाचा एक धोका आहे. सांगाड्याला पावडर कोटिंग झालं की अर्थिंग मिळत नाही, कारण रंग वीज जाऊ देत नाही. ‘रंगवून आणली आणि तेव्हापासून हॉर्न वाजत नाही’ अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी एका बोल्टाखालचा रंग खरवडतो.

ब्रेक मी सगळ्यांत आधी सांगायला हवे होते. इंजिन चालू होण्याच्या आनंदात लोक जुन्या टायरांवर, सुकलेल्या लायनरवर चक्कर मारायला निघतात. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. पंधरा वर्षांचा टायर नक्षी कोरी असली तरी टाकून द्यायचा. लायनर नवे, केबली नव्या, आणि ड्रम गोल आहे का ते लेथवर बघून घ्या. इतकं करूनही ड्रम ब्रेक ते ड्रम ब्रेकच. पुढचा रिक्षावाला थांबतो त्यापेक्षा दुप्पट अंतर तुम्हाला हवं, आणि मुंबईत तेवढं अंतर सोडलं की त्यात दुसरी रिक्षा येते. रोज ऑफिसला नेऊ नका म्हणतो ते मुख्यतः यासाठी. शिवाय सिग्नलला दहा-दहा मिनिटं वारा न लागता उभं राहणं हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मानवत नाही.

आता रंग आणि क्रोम. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत दादरच्या एका मास्तरांची जावा आली, १९६६ ची. टाकी मळलेली, क्रोमवर डाग. मी ती घासून पार लोखंडापर्यंत नेली, क्रोमला दिली, मरून रंग मारला, गाडी लखलखली. मास्तर आले, टाकीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘रेघ कुठे गेली?’ त्या टाकीवर कारखान्यातल्या कुणीतरी ब्रशने ओढलेली सोनेरी रेघ होती, एका कडेला किंचित जाड, वळणावर बारीक होत गेलेली. मास्तर तीस वर्षं रोज तिच्याकडे बघत शाळेत गेले होते. मी नवी रेघ ओढून घेतली, ती सरळ आणि निर्जीव आली. मास्तर काही बोलले नाहीत, पैसे देऊन गेले. त्यानंतर मी कुठलीही टाकी धुतल्याशिवाय घासायला दिलेली नाही.

मूळ रंग ६०-७० टक्के शिल्लक असेल तर तो वाचवा. रॉकेलच्या कपड्याने मळ, मग बारीक रबिंग कंपाउंड, मग मेण. डाग राहतील, राहू द्या. क्रोम खरंच गेलं असेल तिथेच नवं करा, आणि करताना आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर मागा. नुसत्या पातळ निकेलवर मारलेलं क्रोम गिरगावच्या खाऱ्या वाऱ्यात पहिल्याच पावसाळ्यात पुटकुळ्या धरतं. मी एकदा वीस सायलेन्सर एकाकडून करून घेतले आणि गणपतीपर्यंत सगळे परत आले. पॉलिशवाल्याला सांगा की बॅजची आणि झाकणांची अक्षरं घासायची नाहीत. पॉलिशच्या चाकावर दोन सेकंद जास्त धरलं की कडा कायमच्या बोथट होतात.

कागद हे काम इंजिनाइतकंच महत्त्वाचं, आणि ते आजच सुरू करा. आरसी बुकावरचे इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. सांगाडा घासताना चेसिस नंबर पुसट करणारे रंगारी मी पाहिलेत, त्यामुळे आधी त्याचा फोटो आणि पेन्सिलीने कागदावर ठसा घ्या. आजोबा गेले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आहे, बाकी वारसांची ना-हरकत जोडावी लागते. तुमचं आरटीओ ताडदेवचं. इतक्या जुन्या नोंदी कधीकधी संगणकावर नसतात, तिथे आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. मग नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट.

कुणीतरी तुम्हाला व्हिंटेज नोंदणी करा म्हणेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ती मिळते, तुमच्या गाडीला मिळू शकेल. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी मनाला येईल तेव्हा निघायचं असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवा. माझं मत साधीच ठेवण्याचं आहे.

चालवायला निघाल तेव्हा सकाळी उजाडताच निघा. सहा व्होल्टचा दिवा रस्ता दाखवायला पुरत नाही, फक्त तुम्ही आहात एवढं समोरच्याला सांगतो, तेव्हा अंधार पूर्ण जाऊ द्या. इंडिकेटर नाहीत, हात दाखवायची सवय लावा. मागून गाडीवर येणाऱ्या पोराला हाताची खूण कळतेच असं नाही, म्हणून वळण्याआधी मान वळवून बघा. कोस्टल रोड, सागरी सेतू, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे, जे. जे. पूल, पुण्याचा एक्सप्रेसवे, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे आपल्या वाट्याला जुनेच रस्ते येतात आणि या गाडीला तेच शोभतात. चौपाटीवरून हाजी अली, वरळी, माहीम आणि परत. नवं पिस्टन असेल तर पहिले ५०० किलोमीटर ४५-५० च्या वर नाही, आणि डावा हात कायम क्लचवर. आवाज एकदम बारीक झाला, गाडी मागे ओढल्यासारखी वाटली, की त्याच क्षणी क्लच दाबायचा. पिस्टन धरलेलं असताना क्लच दाबला नाही तर मागचं चाक लॉक होतं.

पुढे कधी कसाऱ्याला, किंवा पनवेल-खोपोलीवरून शिंग्रोबाच्या देवळाच्या जुन्या बोरघाटाने जाल तेव्हा उतरताना एक लक्षात ठेवा. मूठ पूर्ण बंद करून गिअरवर घाट उतरायची सवय बुलेटवाल्यांची. आपल्या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबर येतं. मूठ बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. दर थोड्या वेळाने मूठ उघडून इंजिनाला घोट द्या. बरोबर एक क्लच केबल, एक प्लग, एक कंडेन्सर आणि प्लग-पाना. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर गाड्या बाहेर काढतात, मुंबईत तो दिवस ऐन पावसात येतो. जायचं असेल तर जा, पण ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक लागत नाहीत; डबक्यातून निघाल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, सुकतात.

या रविवारी एवढंच करा. गाडी जिन्याखालून उजेडात आणा. किक आत दाबून एकदा बघा. चेसिस नंबरचा ठसा घ्या. आणि रॉकेलमध्ये बुडवलेलं जुन्या धोतराचं फडकं घेऊन टाकीच्या डाव्या अंगावर तळहाताएवढी जागा हलक्या हाताने पुसा. खाली सोनेरी रेघ दिसली तर त्या गॅरेजवाल्याला नाही म्हणून कळवा आणि मला फोटो पाठवा.